जोडीदाराची खुर्ची

मेहरुन मॅडमच्या क्लासात "मोअर बेटर" म्हणणाऱ्याला दारापाशी उभं करत आणि "व्हेरी बेटर" म्हणणाऱ्याला दाराबाहेर. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या डोक्यावर हा स्पोकन इंग्लिशचा क्लास होता. जिना असा की वर येईपर्यंत माणसाचं मराठीसुद्धा बंद पडावं. पुण्यात कॉल सेंटरं निघाली होती तेव्हाची ही गोष्ट. अमेरिकेतल्या माणसाचं क्रेडिट कार्ड अडलं की तो कोंढव्यातल्या नाहीतर येरवड्यातल्या पोरांना फोन करणार, आणि त्याला समजेल असं बोललं की आयुष्याचं कल्याण होणार, एवढं सगळ्यांना पक्कं ठाऊक झालेलं होतं.

द्वारका दिग्रसजवळच्या एका गावातून आली होती. बी.ए. झालेली, अंगानं किरकोळ, आणि बोलायला लागली की सगळा वऱ्हाड तोंडातून बाहेर पडायचा. मॅडम पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातल्या. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ होतं की पेठेतल्या जुन्या मास्तरांनी तोंडात बोटं घालावीत.

"अहो द्वारकाबाई," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आपण वाक्य बोलताय की पोतं उतरवताय?"

वर्ग हसला. द्वारकाही हसली आणि खोलीवर जाऊन रडली. पण क्लास सोडला नाही. सोडून चालणारच नव्हतं. गावी आई एकटी होती, गोदाबाई. वडील कधीच गेले होते, भाऊबहीण नाही. गोदाबाईंच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदू पिकलेला. उजेड कुठे आणि अंधार कुठे, तेवढंच त्यांना कळे. मुलगी ओळखायची ती आवाजावरून, आणि तिला हाक मारायची ती "चिमे" अशी. नोकरी लागली की आईला पुण्याला आणायचं, डोळ्यांचं ऑपरेशन करायचं आणि मग दोघींनी एकत्र राहायचं, एवढ्या एका गोष्टीवर द्वारका जगत होती. दर रविवारी ती एसटीडी बूथवरून गावच्या सुखदेवमामांच्या दुकानात फोन लावी. मामा आईला हाताला धरून आणत. "माय, झालं वं आता," द्वारका म्हणे, "थोडीच कड काढ."

तर क्लासात तुलनेचा धडा आला, आणि तिथून पुढचं सगळं झालं.

मॅडमचं म्हणणं असं, की आपली माणसं इथेच घसरतात. इंग्रजीत नुसतं चांगलं म्हणून भागत नाही. किती चांगलं, कशात चांगलं आणि कुणापेक्षा, हे एका दमात सांगावं लागतं. मच बेटर ॲट. फार क्लोजर टू. अ लॉट फर्दर फ्रॉम. इंग्रजीतला "फार" आणि आपला "फार" जवळजवळ एकच निघाले याचा द्वारकाला कोण आनंद झाला! पण बाकीचे शब्द हाताला लागत नव्हते. "ॲट" म्हणायचं तिथे "इन" यायचं, आणि "दॅन"च्या जागी हमखास "फ्रॉम".

यावर मॅडमनी एक पद्धत बसवलेली होती. फळ्यापुढे एक रिकामी खुर्ची ठेवायची. तिच्यात आपला जोडीदार बसलाय असं समजायचं. जोडीदार म्हणजे आपल्या ओळखीचं, आपल्याला आतून-बाहेरून माहीत असलेलं एक माणूस. धडा संपेपर्यंत सगळी तुलना त्या एकाच माणसाशी करायची. "क्लोजर" म्हटलं की खुर्ची जवळ ओढायची, "फर्दर" म्हटलं की लांब सरकवायची. अंगात भिनलं की तोंडात येतं, असं त्या म्हणत. आणि एक नियम होता. वाक्य खरं पाहिजे. खोट्या वाक्याला धार येत नाही. प्रत्येक वाक्यानंतर मॅडम विचारणार, "खरं?" आणि बोलणाऱ्यानं छातीवर हात ठेवून म्हणायचं, "खरं."

आनंद नावाच्या मुलानं आपल्या मेव्हण्याला खुर्चीत बसवलं आणि रोज त्याची यथेच्छ धुलाई केली. जुनेदनं दुकानातल्या भागीदाराला बसवलं. द्वारकाची पाळी आली तेव्हा ती नुसती खुर्चीची पाठ पुसत राहिली. तिच्या जवळचं माणूस एकच, आई. आणि आईपेक्षा मी शहाणी, आईपेक्षा मी बरी, असलं काही परक्या भाषेत का होईना, जिभेवर आणणं तिच्यानं होईना. पाप लागेल असं वाटलं.

मॅडमनी प्रत्येकाला कॉल सेंटरसाठी एक साहेबी नाव देऊन ठेवलं होतं. गोऱ्या गिऱ्हाइकाला "द्वारका" म्हणता येत नाही म्हणून हिचं नाव डायना. द्वारकाला त्यातून वाट दिसली.

"मी डायना ना मॅडम? मग माझी जोडीदार द्वारका."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. आजवर कुणी असं केलं नव्हतं. "स्वतःच्याच शेजारी बसणार? बसा बापडे. निदान घरात भांडणं तरी होणार नाहीत."

तेव्हाच कुणीतरी नको म्हणायला हवं होतं. पण क्लासात बसलेल्यांना नोकऱ्या हव्या होत्या, आणि असल्या वेळी कुणाला कशाची शंका येत नाही.

पहिलं वाक्य तिनं चाचरत म्हटलं, "आय ॲम मच बेटर ॲट इंग्लिश दॅन द्वारका." इंग्रजीत मी द्वारकापेक्षा खूपच बरी आहे. मॅडमनी विचारलं, "खरं?" ती म्हणाली, "खरं." आणि गंमत म्हणजे त्या क्षणापासून ते खरं झालं. जीभ सैल झाली. "ॲट" आणि "दॅन" आपापल्या जागी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मी टेलिफोनला द्वारकापेक्षा कितीतरी कमी घाबरते. आणि बूथवरच्या फोनची घंटा वाजली की ती दचकायची, ती दचकायची थांबली.

मॅडम खूश झाल्या. मॅडम खूश झाल्या म्हणजे काय, तर टोमणा मारायच्या थांबल्या. द्वारकाला कैफ चढला. रोज नवं वाक्य. द्वारका माझ्यापेक्षा फार लाजरी आहे. द्वारका माझ्यापेक्षा भाकरी करण्यात कितीतरी सरस आहे. "फार बेटर ॲट मेकिंग भाकरी दॅन मी," म्हटल्यावर वर्गानं टाळ्या पिटल्या.

त्या संध्याकाळी ती खोलीवर भाकरी करायला बसली. शनिवार पेठेत कॉट बेसिसवर ती आणि प्रियदर्शनी नावाची कॉम्प्युटर शिकणारी मुलगी राहत. गॅलरीत स्टोव्ह होता. द्वारकाची ज्वारीची भाकरी म्हणजे प्रियदर्शनीचा जीव की प्राण. पण आज पीठ हाताला कळेना. थापायला घेतलं की कडा फाटायच्या. परातीवर आपले हात कुणा तिऱ्हाईताच्या हातांसारखे हलताना तिनं पाहिले.

"पीठ जुनं असेल," प्रियदर्शनी म्हणाली.

"असेल," द्वारका म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, की आपण "असंन" म्हणायचो. तिला त्याचं बरंच वाटलं. सुधारतोय आपण, असं वाटलं.

खुर्चीचं मात्र काहीतरी होऊ लागलं होतं. एकदा "क्लोजर" म्हणून ती खुर्ची ओढायला गेली तर खुर्ची हलेना. पत्र्याची घडीची खुर्ची, शाळकरी पोरानं बोटावर उचलावी अशी. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा ती फरशीवर करकरत आली, बसलेल्या माणसासकट यावी तशी. मॅडमनी येऊन एका हातानं उचलून बाजूला ठेवली. "जेवून येत चला," त्या म्हणाल्या. पण खुर्ची ठेवल्यावर त्यांनी आपली बोटं नाकाशी नेली आणि कपाळाला आठ्या घातल्या. खुर्चीला चुलीच्या धुराचा वास येत होता. तपकीर गल्लीत सोल्डरिंगचा धूर रग्गड, पण चूल कुठून येणार?

मग धड्याचा शेवटचा भाग आला, जवळ आणि लांब. प्रत्येकानं खोलीतली एक जागा आपलं घर म्हणून ठरवायची. द्वारकानं दार ठरवलं. आणि त्या दिवशी ती जे बोलली ते तिच्या मनातलं होतं, अगदी आतलं. पुण्याला येऊन आपण आईपासून तुटत चाललोय, गेले दोन रविवार फोनसुद्धा केला नाही, ही टोचणी होतीच. ती म्हणाली, "द्वारका इज मच क्लोजर टू हर मदर दॅन मी." द्वारका तिच्या आईच्या माझ्यापेक्षा खूपच जवळ आहे.

मॅडमनी हळूच विचारलं, "खरं?"

"खरं," द्वारकानं छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि खुर्ची ढकलत नेऊन दाराच्या उंबऱ्याला लावली. यावेळी ती पिसासारखी गेली. जणू तिलाच घाई होती.

दुसऱ्या दिवशी क्लासात खुर्ची नव्हती. खालच्या दुकानदारानं सांगितलं की सकाळी शटर उघडलं तेव्हा ती जिन्याच्या तळाशी होती, तोंड रस्त्याकडे. "चला, खुर्च्यासुद्धा क्लास सोडून जायला लागल्या," मॅडम म्हणाल्या. पण त्यांचा नेहमीचा सूर लागला नाही.

त्याच दुपारी द्वारका खोलीवर आली तर प्रियदर्शनी दारात उभी. "अगं, तू गेली नाहीस? मघाशी पिशवी घेऊन निघालीस ना? मी विचारलं कुठे, तर म्हणालीस, शिवाजीनगर स्टँडवर, मायकडे जाऊन रायली. मला इतकं गोड वाटलं! बऱ्याच दिवसांनी तशी बोललीस."

द्वारकानं कॉटखाली पाहिलं. गावाहून आणलेली कापडी पिशवी नव्हती. पिशवीतला, नजर जायच्या आधी आईनं शिवलेला ड्रेस नव्हता. चोरी झाली, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो, विशेषतः दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू असला म्हणजे.

इंटरव्ह्यू झकास झाला. साहेबानं विचारलं, तुमच्या गावाची आणि पुण्याची तुलना करा. ती बोलत सुटली, तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, तुमच्या बोलण्यावरून तुम्ही मूळच्या कुठल्या ते ओळखूच येत नाही. याहून मोठी शाबासकी त्या धंद्यात नसते. द्वारकाला नोकरी लागली.

ती धावतच बूथवर गेली. सुखदेवमामांनी फोन घेतला. "कोन? पुन्याहून? कोनासाठी?" तिनं नाव सांगितलं, गोदाबाईंना बोलवा म्हणाली. मामा "बरं बाई" म्हणाले. एरवी "थांब वं पोरी" म्हणायचे.

बऱ्याच वेळानं फोनमध्ये आईचा श्वास ऐकू आला.

"आई, मी बोलतेय. मला नोकरी लागली! आता मी तुला न्यायला येते."

मग गोदाबाई परक्या माणसाशी बोलतात तशा अदबीनं म्हणाल्या, "कोन बोलून रायलं बाई? मले वळख नाई पटली."

"अगं, मी द्वारका."

गोदाबाई हसल्या. "द्वारका तं इथंच हाये माह्यापाशी. तिनंच तं हाताले धरून आनलं मले. राँग लंबर लागला असंन तुमचा."

आणि मागून, अगदी फोनजवळून, एक आवाज आला. "कोनाचा फोन हाये वं, माय?"

तो द्वारकाचा आवाज होता. तोच थोडा नाकातला, तोच शेवटचा शब्द लांबवणारा. स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकला की माणसाला तो ओळखू येत नाही म्हणतात. तिला आला. हातातला रिसीव्हर तसाच टाकून ती बूथबाहेर पडली आणि पैसे द्यायचे राहिले म्हणून बूथवाला मागे ओरडत आला.

ती थेट क्लासात गेली. वर्ग सुटला होता. मेहरुन मॅडम फळा पुसत होत्या. द्वारकानं सगळं सांगितलं, मॅडमनी ते एकदाही न अडवता ऐकलं.

"मी तुम्हाला तेव्हाच अडवायला हवं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "माणूस दुसऱ्याशी तुलना करतो तेव्हा दुसऱ्याचं काही जात नाही. आनंदचा मेव्हणा मजेत आहे. तुम्ही मात्र रोज तुमच्यातलं थोडं थोडं काढून तिला देत होता, आणि मी विचारत होते, खरं? आणि तुम्ही सही केल्यासारखं म्हणत होता, खरं."

"मग मी परत घेते. उलटं वाक्य म्हणते. खुर्ची द्या मला."

मॅडमनी दुसरी खुर्ची मांडली. द्वारका समोर उभी राहिली, पदर खोचावा तशी तिनं ओढणी खोचली आणि खणखणीत, निर्दोष इंग्रजीत म्हणाली, "आय ॲम मच क्लोजर टू माय मदर दॅन द्वारका." मी माझ्या आईच्या द्वारकापेक्षा खूपच जवळ आहे. एक चूक नव्हती. शाळेत नेऊन मुलांना ऐकवावं असं वाक्य.

मॅडमचे ओठ हलले. त्यांना विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय वाक्य पुरं होत नव्हतं. "खरं?"

द्वारकानं छातीवर हात ठेवला. तोंड उघडलं. आईला शेवटचं कधी हाताला धरून चालवलं होतं, ते आठवायचा तिनं प्रयत्न केला. आईच्या हाताची बोटं कशी आहेत, जाड की बारीक, तेही आठवेना. हात तसाच छातीवर राहिला. खुर्ची हलकी, रिकामी, पत्र्याची खुर्ची होती, आणि तशीच राहिली.

ती रात्रीच्या गाडीनं निघाली. आता हिला द्वारका म्हणावं की डायना, असा प्रश्न पडेल. पण आपण हिच्याबरोबर आलो, हिचं रडणं पाहिलं, तेव्हा आपल्यापुरती तरी हीच द्वारका.

सकाळी उन्हं तापायच्या आत ती गावात पोचली. वाटेत ओळखीच्या बाया भेटल्या आणि पाहुणी बघतात तशा बघून पुढे गेल्या. घर तेच होतं. गोदाबाई ओसरीवर बसल्या होत्या. केस विंचरून, तेल लावून चापून बसवलेले, लुगडं स्वच्छ. एकट्या असताना त्या अशा कधी नसत. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, एकसारखा, न चुकता.

"कोन हाये वं?"

"आई, मी द्वारका."

गोदाबाईंनी तोंड आवाजाकडे वळवलं. चेहऱ्यावर कौतुक आलं. "अरे बाप्पा! तुहंबी नाव द्वारकाच? आन बोलनं कसं, पुस्तकातल्यावानी! ये, बस. चिमे, भाईर ये वं, तुह्या नावाची पोट्टी आली पाय."

चिमे. आई हे कुणाला म्हणाली? द्वारकानं ते नाव जन्मात पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकलं. आणि आतून "आली वं माय" म्हणत ती बाहेर आली. आईनं शिवलेला ड्रेस, कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घामाला चिकटलेली बट. द्वारकानं आरशात पाहिलेला चेहरा, पण आरशापेक्षा नितळ. तिनं द्वारकाकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, भीती नव्हती, ओळखही नव्हती. उन्हातून आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघून ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"मी तुम्हाला न्यायला आले," द्वारका गोदाबाईंपुढे गुडघ्यांवर बसली. तोंडून "तुम्हाला" गेलं ते तिलाच कळलं नाही. "पुण्याला. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचंय. मला नोकरी लागलीय."

"माह्या डोयाचं?" गोदाबाई हसून शेजारच्या मुलीचा हात चाचपू लागल्या. तो हात लगेच त्यांच्या हातात आला, पिठासकट. "मले काय करायचं हाये आता? हे आली तशी मले सारं दिसते. वाटंनं कोन चाललं, आभाय कसं आलं, सारं सांगते. लय दिवस गेली होती माही पोर. मले वाटलं, गमावली. आता नाई जात म्हनते."

द्वारकाला ओरडायचं होतं. ही तुझी नाही, मी तुझी, मी. पण ती ज्या भाषेत ओरडली असती ती आता समोर उभी राहून आईला पाणी पाजत होती. आई पाणी प्यायली, आणि त्या मुलीनं तिची हनुवटी ओढणीच्या टोकानं पुसली. इतक्या सवयीनं, इतक्या मायेनं पुसली. यातलं काहीही खोटं नव्हतं.

गोदाबाईंनी हात पुढे केला. द्वारकानं डोकं त्या हाताखाली नेलं. हाताची बोटं जाड होती. ती केसांवरून फिरली, कपाळावर थांबली, गालावरच्या ओल्यावर थांबली.

"रडून रायली काहून वं? तुही माय कुठं असते बाई?"

द्वारकानं गाल त्या हातावर दाबला.

"बरं, नको सांगू," गोदाबाई म्हणाल्या. "पन दूर असली तरी तिले फोन करत जाजो. मायच्या जिवाले बरं वाटते."

तांब्या उचलून आतली मुलगी भाकरी उलटायला निघून गेली. तव्यावर भाकरी टम्म फुगली होती.